शार्कचे प्रकार किती, कोणाचं काय वैशिष्ट्य, आणि आपल्याकडे कुठले सापडतात?

तुम्ही विचारलंय की शार्कच्या मुख्य जाती कुठल्या, त्यांची वैशिष्ट्यं काय, आपल्या समुद्रात शार्क आहेत का, आणि दिवाळीत मुलांना घेऊन तारकर्लीला स्कूबाला जायचंय तर भीती आहे का. सगळं सांगतो, पण सुरुवात पिक्चरमधल्या त्या पांढऱ्या शार्कपासून करत नाही, कारण तो आपल्या किनाऱ्यावर दिसत नाही आणि त्याच्यामुळे बाकीच्या पाचशेहून जास्त जातींकडे कोणाचं लक्षच जात नाही. सुरुवात मुशीपासून.

मुशी म्हणा, मालवण-गोव्याकडे म्हणतात तशी मोरी म्हणा, ती शार्कच आहे. बाजारात जी हातभर लांबीची राखाडी मुशी दिसते ती बहुतेक वेळा स्कॉलिओडॉन, म्हणजे स्पेडनोज शार्क. वरून बघितलं तर तोंड गवंड्याच्या थापीसारखं चपटं आणि पुढे निमुळतं. ज्यांनी जुन्या काळात बीएस्सीला झूलॉजी घेतलं होतं त्यांना ही चांगलीच आठवत असेल कारण प्रॅक्टिकलला टेबलावर हीच असायची. आता कॉलेजात डिसेक्शन बंद झालंय, पण आम्ही शिकत होतो तेव्हा हिच्या कातडीचा तुकडा पोटॅशमध्ये उकळून खवल्यांची स्लाइड करायचो, आणि मायक्रोस्कोपमध्ये बघितलं की लक्षात यायचं की हे खवले रचनेने चक्क दात आहेत, आत पल्प, त्यावर डेंटिन, वर कडक थर, आणि प्रत्येकाचं टोक शेपटीकडे वळलेलं. म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागतं आणि उलटा फिरवला की बोटं खरचटतात. आणखी एक गोष्ट तुम्ही घरीसुद्धा करून बघू शकता. ताजी मुशी आणली की तिच्या नाकाडाच्या खालच्या बाजूला जी बारीक बारीक छिद्रं असतात तिथे अंगठ्याने दाबा, पारदर्शक जेली बाहेर येते. त्या लॉरेन्झिनीच्या नळ्या. वाळूत लपलेल्या कोळंबीच्या किंवा माशाच्या स्नायूंमधून जी अगदी क्षीण वीज निघते ती शार्कला या जेलीतून कळते, अंधारात, गढूळ पाण्यात, काहीही दिसत नसताना. हा अवयव सगळ्या शार्कमध्ये असतो, आणि पाकटामध्येही, कारण ते यांचे चुलत भाऊ.

पण मुशीचं मला सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते तिचं बाळंतपण. मासा म्हटलं की आपण अंडी, गाभोळी असाच विचार करतो. हिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, म्हणजे त्यात पिल्लाला पोसण्याइतका बलक जवळजवळ नाहीच, त्यामुळे पिल्लू अगदी सुरुवातीलाच आईच्या गर्भाशयाला चिकटतं, वार तयार होते, नाळ तयार होते, आणि त्या नाळेवर बारीक धागे फुटतात. शार्कमध्ये वार असलेल्या जाती बऱ्याच आहेत, पण इतक्या पुढच्या टप्प्याची व्यवस्था शास्त्रज्ञ याच जातीत मानतात. एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्लं, तीही पूर्ण वाढलेली, जन्मल्या जन्मल्या पोहणारी. साफ करताना पोटात नाळेसकट पिल्लं निघाली की बऱ्याच बायकांना वाईट वाटतं, ते मी घरात बघितलंय.

आणि मुशीला वास का येतो हेही लोक नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगून टाकतो. समुद्राचं खारट पाणी शरीरातलं पाणी खेचून घेऊ नये म्हणून शार्क रक्तात मुद्दाम युरिया साठवून ठेवतात. मासा मेला की बॅक्टेरिया त्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तो झणझणीत वास म्हणजे हा अमोनिया. म्हणून मोरी ताजीच घ्यायची, गरम पाणी ओतून कातडी खरवडायची, भरपूर धुवायची आणि मग मसाल्यात टाकायची. आमच्याकडे बाळंतिणीला मुद्दाम मुशी देतात. छोटी मुशी ठीक आहे, पण मोठ्या, वयस्कर शार्कच्या मांसात पारा साठलेला असतो, तेव्हा गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मोठ्या शार्कच्या तुकड्या देऊ नका हे मी आवर्जून सांगेन.

आता हातोडी शार्क, म्हणजे हॅमरहेड. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर पाटीत याची पिल्लं दिसतात, साधारण हातभर लांबीची. डोकं दोन्ही बाजूला पसरलेलं आणि डोळे अगदी टोकांना, त्यामुळे वर-खाली, पुढे-मागे सगळीकडे नजर पोचते, आणि डोक्याचा पसारा मोठा असल्याने त्या जेलीच्या नळ्याही रुंद जागेवर पसरलेल्या, म्हणजे तळ धुंडाळायला एकदम सोयीचं. मोठा हॅमरहेड त्याच डोक्याने पाकट तळाशी दाबून धरतो आणि खातो. यांच्यातल्या दोन जाती, मोठा हॅमरहेड आणि स्कॅलप्ड हॅमरहेड, आज जगात अतिसंकटग्रस्त आहेत, आणि कारण अगदी सरळ आहे. मुशी एक-दोन वर्षांत वयात येते, पटापट पिल्लं देते म्हणून एवढी मासेमारी होऊनही अजून तग धरून आहे, पण हॅमरहेडला वयात यायला कितीतरी वर्षं लागतात आणि वयात यायच्या आधीच ती पाटीत येतात. मला ही पिल्लं बघून खरंच त्रास होतो. ट्रॉलरवाले काही ती शोधायला जात नाहीत, किनाऱ्याजवळचं उथळ पाणी म्हणजेच यांची पाळणाघरं आणि जाळंही तिथेच पडतं.

टायगर शार्क अरबी समुद्रात आहे. लहानपणी अंगावर पट्टे ठळक, वय वाढेल तसे पुसट होत जातात. दात वाकडे आणि कडेने करवती, कासवाचं कवच कापू शकतील असे. हा काहीही गिळतो, याच्या पोटात गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि टायरचे तुकडेही सापडलेत.

बुल शार्कबद्दल मात्र जरा थांबून सांगायला पाहिजे, कारण महाराष्ट्रात कोणाला खरी काळजी करायची असेल तर ती याची. हा गोड्या पाण्यात जातो. वर सांगितलं तसं शार्कचं रक्त युरियाने भरलेलं असतं, अशा प्राण्याला नदीत टाकलं तर पाणी शरीरात घुसत राहणार आणि तो मरणार, पण बुल शार्क नदीत शिरताना रक्तातला युरिया कमी करतो, मूत्रपिंडं खूप सारं पातळ मूत्र बाहेर टाकतात, आणि समुद्रात जादा मीठ बाहेर टाकणारी गुदद्वाराजवळची ग्रंथी आपलं काम आवरतं घेते. एवढ्या जोरावर हा अ‍ॅमेझॉन नदीत थेट पेरू देशापर्यंत सापडलाय, निकाराग्वाच्या तळ्यात तर एके काळी नेहमीचाच. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुण मच्छीमाराच्या पायाचा शार्कने लचका तोडला होता, बातम्या तुम्ही बघितल्या असतील, तो बुल शार्क असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. समुद्रापासून इतक्या आत शार्क कसा आला म्हणून सगळे हबकले होते, पण बुल शार्कच्या माद्या पिल्लं द्यायला खाडीत आणि नदीच्या तोंडाशी येतातच, पिल्लांना तिथे मोठ्या शार्कपासून आडोसा मिळतो.

याच्याशी ज्याची नेहमी गल्लत होते तो गंगा शार्क. हुगळीतल्या जुन्या हल्ल्यांचं खापर याच्यावर फुटत आलं, त्यातले बरेचसे बुल शार्कचे असावेत असं अभ्यासकांना वाटतं. खरा गंगा शार्क जगातल्या सगळ्यात दुर्मिळ माशांपैकी आहे. डोळे बारीक, म्हणजे गढूळ पाण्यातलं आयुष्य. आणि गंमत बघा, २०१६ मध्ये याची एक अडीच मीटरहून मोठी मादी कुठे सापडली तर आपल्या मुंबईत ससून डॉकला, मासळीच्या ढिगात! कितीतरी वर्षांत अरबी समुद्रातून आलेली ही पहिली पक्की नोंद. डॉकवर त्या दिवशी ओळखणारं माणूस नसतं तर तीही कापून विकली गेली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बंदरावर वेगळं काही दिसलं तर फोटो काढून ठेवा, डोकं, दात आणि पाठीवरचे पर नीट दिसतील असा.

आता सगळ्यात मोठा, व्हेल शार्क. जगातला सगळ्यात मोठा मासा हाच, बारा मीटरपर्यंतचे बऱ्यापैकी दिसतात, अठरा मीटरच्या आसपासच्याही नोंदी आहेत. तोंडात जवळजवळ तीन हजार दात, पण तांदळाच्या दाण्याहून लहान आणि शिकारीला निरुपयोगी, कारण हा तोंड उघडून पाणी घेतो, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि बारीक मासे गाळून खातो. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, आणि फोटोवरून तोच मासा परत ओळखायला जे गणित वापरतात ते मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो जुळवायला तयार केलं होतं. गुजरातच्या वेरावळ भागात हे मोठ्या संख्येने मारले जायचे, आधी लाकडी होड्यांना लावायला लिव्हरचं तेल काढायचे, मग मांस परदेशात जायला लागलं. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आला, आणि २००४ पासून तिथे मोहीम सुरू झाली त्यात रामकथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलीय. याचा परिणाम कायद्यापेक्षा जास्त झाला असं माझं मत आहे, कारण त्यानंतर त्याच मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडलेत. आपल्याकडेही डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची, संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला आणि त्याचे फोटो-व्हिडिओ दिले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कोकणातल्या ज्या मच्छीमारांनी आपलं जाळं फाडून हा मासा सोडलाय त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, जाळं म्हणजे त्यांची रोजीरोटी असते.

बाकीच्या शार्कबद्दल थोडक्यात. ग्रेट व्हाइट, ज्याच्यावर पिक्चर निघतात, तो आपल्या स्नायूंचं, पोटाचं आणि डोळ्या-मेंदूचं तापमान पाण्यापेक्षा गरम ठेवू शकतो, त्यामुळे थंड समुद्रातही झपाट्याने शिकार करतो, आणि तरीही दक्षिण आफ्रिकेत किलर व्हेल त्याला मारून फक्त लिव्हर खाऊन जातात. माको सगळ्यात वेगवान. थ्रेशर शेपटीचा फटका मारून तारलीसारखे मासे बधिर करतो, ती शेपटी जवळजवळ अंगाइतकीच लांब. कुकीकटर जेमतेम अर्ध्या मीटरचा, पण देवमाशांच्या अंगातून गोल गोल लचके काढतो. मेगामाउथ हा चांगला चार-पाच मीटरचा प्राणी आणि १९७६ पर्यंत विज्ञानाला माहीतच नव्हता, हवाईजवळ एका जहाजाच्या नांगराला अडकला तेव्हा कळलं. सँड टायगरचं पिल्लू आईच्या पोटातच भावंडांना खातं, दोन गर्भाशयांतून शेवटी एक-एकच जन्माला येतं. आणि ग्रीनलंड शार्क, बर्फाळ पाण्यात संथपणे फिरणारा, त्याच्या डोळ्याच्या भिंगावरून २०१६ मध्ये वय काढलं तर सगळ्यात मोठ्या मादीचा अंदाज निघाला ३९२ वर्षं. यात शंभर-सव्वाशे वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, पण कमीत कमी धरलं तरी ती पेशवाईतली, आणि मधला आकडा धरला तर शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. या जातीची मादी वयात येते तीच दीडशे वर्षांच्या आसपास.

आता तुमची भीती. जगभरात न डिवचता झालेले शार्कचे हल्ले वर्षाला साधारण ६० ते ७० असतात, मृत्यू दहाच्या आसपास किंवा कमीच, आणि बहुतेक अमेरिका-ऑस्ट्रेलियात. उलट माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो असा अंदाज २०१३ मध्ये आला होता. तारकर्ली-मालवणला मुलांना बिनधास्त न्या, तिथे शार्क दिसण्याचीच शक्यता कमी, फारतर खडकाच्या कपारीत एखादा बांबू शार्क पडलेला असेल, तो तुमच्यापासूनच लांब पळेल. फक्त खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात, विशेषतः संध्याकाळी, पोहायला उतरू नका, आणि जिथे कोळी जाळं ओढतायत किंवा मासे साफ करून घाण पाण्यात टाकतायत तिथून मुलांना लांब ठेवा. आणि मुलांना खरंच शार्क बघायचे असतील तर पुढच्या वेळी लक्षद्वीपचं ठरवा, तिथल्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ शांत पाण्यात, कमरेएवढ्या खोलीवर काळ्या टोकाच्या परांचे छोटे रीफ शार्क फिरतात, काठावर उभं राहूनसुद्धा दिसतात.