मॅडमसारखं व्हायचंय की ढोरांची डॉक्टर?

पत्र : मावशी, मी अकरावी सायन्सला आहे. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मागच्या पावसाळ्यात आमची गवळाऊ गाय रात्री अडली. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते, डोकं आत मागे वळलेलं. बाबा नि काका पायांना दोर बांधून ओढत होते. तेवढ्यात आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मॅडम स्कूटीवरून आल्या. त्यांनी आधी दोर सोडायला लावला, वासरू उलट आत ढकललं, डोकं सरळ केलं आणि मग काढलं. हातमोजासुद्धा घातला नाही, खांद्यापर्यंत हात घातला! गाय नि वासरू दोन्ही जगले. तेव्हापासून माझ्या डोक्यात मॅडमच आहेत. त्यांच्यासारखे केस कापले, त्यांच्यासारखं घड्याळ उजव्या हाताला बांधते. दोनदा तर शेळी चारा खात नाही असं खोटं सांगून त्यांना घरी बोलावलं. मैत्रिणी 'मॅडमची सावली' म्हणतात. बाबा म्हणतात, "ढोराईच्या मांगं फिराचं होतं तं सायन्स कायले घेतलं?" त्यांना मी एमबीबीएस करावं असं वाटतं. मॅडमची तीन वर्षं झाली, मे महिन्यात बदली होणार म्हणे. रडूच येतं. मला खरंच ढोरांची डॉक्टर व्हायचंय की फक्त मॅडमसारखं व्हायचंय, तेच समजत नाही. मॅडमना हे सांगू का? – कु. म.

उत्तर : बाई, आधी त्या शेळीचं बोलू. एका डॉक्टरकडे दहा-बारा गावं असतात. तू ज्या दुपारी धडधाकट शेळी दाखवायला त्यांना बोलावलंस, त्या दुपारी कुणाच्या तरी गोठ्यात पोट फुगलेली म्हैस आडवी पडलेली असू शकते. पोटफुगीत तास-दोन तासांत जनावर हातचं जातं, हे तुझ्या बाबांना विचार. ज्या बाईंच्या कामावर तू एवढी भाळलीस, त्यांच्या कामाचाच वेळ तू खाल्लास. हे पुन्हा करायचं नाही, आणि त्यांच्याजवळ कबूलही करायचं. रागावल्या तर रागावू दे.

आता तुझा मुख्य प्रश्न. सतराव्या वर्षी एखाद्या बाईचे केस, घड्याळ, चालणं उचलावंसं वाटणं यात वेडेपणा काही नाही. मैत्रिणी चिडवतात तर चिडवू दे, त्यांचंही कुणीतरी असेलच. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तेव्हा एक गोष्ट खटकली. उद्गारचिन्ह तू टाकलंस ते हातमोजा न घातल्याबद्दल. नेमकं तेच शिकू नकोस. ब्रुसेलोसिस नावाचा आजार गाभण जनावराच्या वारेतून, गर्भाच्या पाण्यातून माणसाला लागतो. पुन्हा पुन्हा ताप येतो, सांधे धरतात. तो होऊ नये म्हणून खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे असतात. त्या रात्री मॅडमकडे ते संपले असतील, नाहीतर घाई असेल. त्याला शौर्य समजू नकोस.

खरी गोष्ट तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस : वासरू आत ढकललं. दोन दणकट माणसं ओढत होती आणि एक बाई आली, म्हणाली, सोडा. ओढून तिथे काही होणार नव्हतं. डोकं मागे वळलेलं असताना जितकं ओढाल तितकं वासरू जास्त अडकतं, गायीची गर्भपिशवीही फाटू शकते. आत ढकललं की डोकं वळवायला जागा होते. हे मॅडमना उपजत येत नव्हतं. कॉलेजात शिकल्या, मग कुठल्यातरी गोठ्यात सरांच्या देखरेखीखाली चुकतमाकत केलं असेल. म्हणजे ते तुलाही शिकता येईल. घड्याळ कोणत्या हाताला बांधायचं ते त्यांचं आहे, हे मात्र कुणीही मेहनतीने मिळवू शकतं.

म्हणून माझं म्हणणं असं. बदली व्हायच्या आत, दवाखान्याच्या वेळेत, खोटं कारण न काढता मॅडमकडे जा. "त्या रात्री तुमचं काम पाहून मलाही हेच शिकावंसं वाटतं, सुट्टीत चार-आठ दिवस इथे बसून बघू का?" एवढंच बोल. लांबलचक पत्र नको, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कविता तर मुळीच नको. त्या हो म्हणतील किंवा गडबडीत 'बघू' म्हणतील. गडबडीतल्या माणसाचं तुटक बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

बसायला मिळालं तर काय दिसेल? अडलेली गाय रोज येत नाही. कृत्रिम रेतन, जखमेची पट्टी, किडलेलं शिंग, गोचिडांचं औषध. मग रजिस्टर. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, ते नोंदायचे. विमा असलेला बैल मेला की शवविच्छेदन नि दाखला. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचत गावोगाव फिरायचं, आणि तिथे कुणी म्हणणार, 'लस दिली की दूध आटतं, आमची ढोरं सोडा.' २०२२ साली लम्पी आला तेव्हा तू शाळेत होतीस, पण अंगावर गाठी आलेली जनावरं आठवत असतील. तेव्हा लसी घेऊन गोठ्यागोठ्यांतून हीच माणसं फिरली. आणि कधी जनावर वाचत नाही. कपाशीच्या ऐन डवरणीत, म्हणजे तण काढायच्या पाळ्या चालू असताना, बैल गेलेल्या शेतकऱ्यासमोर उभं राहणं ही अभ्यासक्रमात नसलेली गोष्ट आहे. हे सगळं बघून चौथ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटलं, तर तुझं उत्तर तुला मिळालं. नाही वाटलं तरी काही बिघडलं नाही. मॅडम आवडणं त्यामुळे खोटं ठरत नाही.

बाबांशी तुझं भांडण मला वाटतं एक वर्ष तरी होण्यासारखं नाहीच. एमबीबीएसला नीट ही प्रवेश परीक्षा लागते, पशुवैद्यकाच्या पदवीलाही नीटच लागते. तेच १८० प्रश्न, तेच ७२० गुण, निम्मी परीक्षा बायलॉजीची. पेपर मराठीतूनही देता येतो, पुढचं शिक्षण मात्र इंग्रजीतून, तेव्हा इंग्रजीची भीती आत्ताच मोडून टाक. पशुवैद्यकाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, नागपूरच्या माफसूकडे, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. नीट दिली म्हणजे सगळं आपोआप झालं असं समजून पोरं बसून राहतात आणि तारीख निघून जाते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे, आर्वीहून काही लांब नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, म्हणजे तुझ्या मॅडमचीच खुर्ची. कुणी सांगेल की पदविका कर, लवकर होते. त्यावर पशुधन पर्यवेक्षक होता येतं, ते कामही मोलाचं आहे, पण डॉक्टर होता येत नाही. जागा कमी आहेत, हेही सांगून ठेवते. नुसत्या भक्तीवर गुण मिळत नाहीत.

'ढोराईच्या मांगं' हे बाबांचं बोलणं मला नवं नाही. आपल्याकडे 'ढोर डॉक्टर' म्हणून नाक मुरडणारी माणसंच रात्री अकराला त्याच डॉक्टरला फोन लावतात. पण बाबांच्या बोलण्यामागे दुसरी काळजी असू शकते : पोरगी रात्री एकटी, आडरस्त्यावर, अनोळखी गोठ्यात. ती काळजी खोटी नाही. मॅडम हे कसं निभावतात, कुणाला सोबत घेतात, कधी नाही म्हणतात, हे त्यांना जरूर विचार. केसांच्या कटपेक्षा हे तुला जास्त उपयोगी पडेल.

बदलीचं रडू येतं तर येऊ दे. सरकारी नोकरीत तीन वर्षं हा नेहमीचाच मुक्काम. त्या तुला सोडून जात नाहीयेत, दुसऱ्या गावच्या गोठ्यात जात आहेत. निरोपाच्या दिवशी 'मला विसरू नका' असं वचन मागू नकोस. पुढे नीटचा निकाल लागला की एक मेसेज कर, तो त्यांना आवडेल.

आणि दवाखान्यात पहिल्या दिवशी जाताना बाबांना सोबत ने. जनावरातलं त्यांना तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्या गायीचं पुढचं वेत कधी, वासरू कसं वाढतंय, हे मॅडमना तेच सांगतील. त्या दोघांचं बोलणं रंगलं की तू गप्प बसून ऐक.