जर्मनीत बस्तान बसवताना : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी जर्मनीतून आणि जर्मनीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्रातली व्यथा अनेक जणींनी वेगवेगळ्या शब्दांत कळवली असल्यामुळे त्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत एका रुग्णालयात सहा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करीत होते. पतींना स्टुटगार्टला वाहन उद्योगात नोकरी मिळाली आणि गेल्या वर्षी आम्ही पाच वर्षांच्या मुलासह येथे आलो. घर चांगले आहे, पैशांची ददात नाही, पती समजूतदार आहेत. तरीही सकाळी दोघे बाहेर पडले की घर खायला उठते. दुकानात कोणी काही विचारले तर मला उत्तर देता येत नाही आणि पत्रपेटीत आलेले प्रत्येक पत्र पती येईपर्यंत तसेच पडून राहते. गेल्या महिन्यात शेजारच्या आजींनी आमच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवली. ती तक्रार असावी असे वाटून मी दोन दिवस जिन्यात पाऊल टाकले नाही. आईला फोन केला की ती म्हणते, 'सगळं चांगलं झालंय, मग रडतेस कशाला?' माझे खरेच काही चुकते आहे का? परत जावेसे वाटते, पण ते बोलण्याचीही लाज वाटते.
(एक वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही, आणि सुखसोयी असताना रडू येणे हा कृतघ्नपणाही नाही. सांगलीत रुग्ण तुमचे नाव विचारत येत होते, शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकवायचा हे तुम्ही ठरवत होता, आणि घरीदारी तुमच्या शब्दाला वजन होते. ते वजन विमानतळावरच मागे राहिले आणि येथे तुमची ओळख 'अमुक यांची पत्नी' एवढीच उरली. ही झीज खरी आहे आणि ती घराच्या आकाराने किंवा पगाराच्या आकड्याने भरून येत नाही. आई मायेपोटीच बोलते, परंतु तिला दिसते ते तुमचे स्वयंपाकघर. पत्रपेटीपाशी उभे राहून तुम्हाला काय वाटते ते तिला दिसणे शक्य नाही.

आधी त्या पाटीविषयी, कारण तिने तुम्हाला विनाकारण छळले आहे. स्टुटगार्ट आणि आसपासच्या स्वाबियन भागात 'केरवोखे' नावाची जुनी पद्धत आहे. इमारतीतील बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीने सामायिक जिना स्वच्छ करायचा आणि आठवडा संपला की ती पाटी पुढच्या दाराला अडकवायची. स्टुटगार्टमध्ये १९८८ पर्यंत हा नियम शहराच्या नियमावलीतच होता. आता तो बहुतेक ठिकाणी भाडेकरारात किंवा इमारतीच्या नियमांत लिहिलेला असतो. त्या आजींनी तक्रार केलेली नाही, त्यांनी तुम्हाला पाळीत धरले आहे. पुढच्या वेळी पाटी आली की आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाडून ओल्या फडक्याने पुसा, कठड्यावरूनही हात फिरवा, आणि शनिवारी पाटी पुढच्या दारी नेताना ती नुसती अडकवून परतू नका. घंटी वाजवा, आपले नाव सांगा आणि कोणत्या मजल्यावर राहता ते सांगा. रविवार मात्र टाळा. त्या दिवशी येथे व्हॅक्यूम क्लीनरचा आवाजही शेजाऱ्यांना खपत नाही.

माझे तुम्हाला कळकळीचे सांगणे एकच आहे : या देशात शक्य तितके व्यवहार स्वतःच्या नावाने सुरू करा. प्रारंभ पत्रपेटीपासूनच करा. येथे टपाल पेटीवरच्या आडनावावरून पोचते, त्यामुळे तुम्ही माहेरचे आडनाव कायम ठेवले असेल तर ते पेटीवर आणि घंटीवर लावलेले आहे ना, हे पाहा. नसेल तर तुमच्या नावाची पत्रे परत जातील. घरी आलेले पत्र तुम्ही फोडा, मोबाइलच्या भाषांतराने वाचा, चार ओळींत काय म्हटले आहे ते लिहून ठेवा आणि संध्याकाळी पतींना दाखवून फक्त खातरजमा करून घ्या. स्वतःसाठी कुटुंबवैद्य निवडा आणि वेळ घ्यायचा फोन, समोर दोन वाक्ये लिहून ठेवून, तुम्हीच करा. पहिल्या खेपेला पलीकडचे बोलणे अर्धेच कळेल, पण तारीख आणि वेळ कळली की काम झाले. मुलाला घेऊन माइलेंडर प्लाट्झवरच्या शहर ग्रंथालयात जा. त्या शुभ्र चौकोनी इमारतीत बालविभाग आहे, तेथे कोणी तुम्हाला बोलण्याची सक्ती करीत नाही आणि मुलांची चित्रमय पुस्तके तुमच्या जर्मनला नेमकी झेपतात.

भाषेचा विषय येथेच येतो. तुमचे पती ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आले असतील तर तुम्हाला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली नसणार. ही सवलत कागदोपत्री सोयीची असली, तरी तिच्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी सुशिक्षित स्त्रिया एक अक्षर न शिकता येथे उतरतात आणि मग इंग्रजीवर भागेल या आशेत वर्ष निघून जाते. स्टुटगार्टच्या कचेरीत पतींचे इंग्रजीवर भागते. बालवाडीतल्या पालकसभेत, दवाखान्याच्या खिडकीपाशी आणि जिन्यात ते भागत नाही. शासनमान्य एकात्मता अभ्यासक्रमात भाषेच्या साधारण ६०० तासिका असतात आणि तो बी-१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येतील इथपर्यंत, नेतो. मूल बालवाडीत असते त्या वेळेत सकाळचा वर्ग मिळतो का, याची चौकशी फोल्क्सहोखशूले या लोकशिक्षण संस्थेत करा. घरी बसून मोबाइलवर शब्द पाठ करणे हा त्याला पर्याय मानू नका. वर्गात सीरियाची, युक्रेनची, ब्राझीलची माणसे शेजारी बसतात, सगळ्यांचेच व्याकरण मोडके असते, आणि आपण एकट्याच अडखळतो हा समज तेथे आपोआप गळून पडतो. मूल आजारी पडले की वर्ग आईनेच बुडवायचा असा पायंडा मात्र पडू देऊ नका. हे मी तुमच्या पतींना उद्देशूनही लिहीत आहे : आजारी मुलासाठी नोकरदार पालकाला रजा घेण्याची तरतूद येथे आहे आणि ती वडिलांनाही लागू आहे.

तुमच्या व्यवसायाची वाट लांब असली, तरी बंद नाही. फिजिओथेरपी हा येथे नियंत्रित व्यवसाय असल्यामुळे पदवीला मान्यता मिळाल्याखेरीज त्या नावाने काम करता येत नाही. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात हा अर्ज स्टुटगार्टच्या विभागीय प्रशासनाकडे, म्हणजे रेगीरुंग्सप्रेझिडियमकडे करावा लागतो. तेथील अधिकारी तुमच्या अभ्यासक्रमाची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना करतात आणि तफावत आढळली तर पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा, यांपैकी एक मार्ग देतात. भाषा बी-१ च्या वरच्या, बी-२ पातळीची लागते. या तुलनेत नुसत्या पदवी प्रमाणपत्राने काम होत नाही. कोणत्या विषयाचे किती तास शिकवले, प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम केले, याचा शिक्का असलेला तपशील लागतो. तो महाविद्यालयातून आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून मिळवायला महिने जातात, म्हणून भाषा पूर्ण होण्याची वाट न पाहता भावाला किंवा वडिलांना आजच अर्ज घेऊन पाठवा. अनुभवाचे पत्रही मागवा, कारण सहा वर्षांचा अनुभव तफावत भरून काढताना विचारात घेतला जातो. कागदपत्रांचे भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. शार्लोटेनप्लाट्झवरच्या वेलकम सेंटरमध्ये नवागतांना याबाबत सल्ला मिळतो; तेथेही एकट्या जा.

परत जाण्याच्या विचारात लाज वाटण्याजोगे काही नाही. पतींना तो आजच सांगा, मनात कुढत ठेवू नका. निर्णय मात्र हिवाळ्याच्या मध्यात घेऊ नका. डिसेंबरात येथे सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमाराला मावळतो. तुमच्याकडे अंधार पडतो तेव्हा सांगलीत रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि आई झोपायच्या तयारीत असते. नेमक्या ज्या वेळी बोलावेसे वाटते त्या वेळी पलीकडे कोणी नसते. त्यासाठी फोनची वेळ सकाळची ठेवा आणि दुपारी उजेड असेपर्यंत, आभाळ भरलेले असले तरी, तासभर बाहेर चाला. ऑक्टोबर ते मार्च येथील ऊन ड जीवनसत्त्वासाठी पुरेसे पडत नाही, म्हणून थकवा फार असेल तर रक्त तपासून घ्या. गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण जाईना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ते नुसते मन न रमणे राहत नाही. त्या वेळी कुटुंबवैद्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. दवाखाना बंद असेल तर ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरांची सेवा मिळते, आणि जिवाला धोका वाटला तर ११२.

प्रश्न : आमची सात वर्षांची मुलगी म्युनिकच्या शाळेत जाते. आम्ही मराठीत बोललो तरी ती जर्मनमध्येच उत्तर देते. शाळेत मागे पडू नये म्हणून आता घरीही जर्मनच बोलावे का?
(एक पालक, म्युनिक)

उत्तर : अजिबात नको. तिला चांगले जर्मन शाळेत आणि मैत्रिणींकडून मिळते आहे. तुमच्या शिकाऊ जर्मनने त्यात भर पडणार नाही, उलट घरातले मोकळे बोलणे आटेल. तिने जर्मनमध्ये उत्तर दिले तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा. ती सगळे समजून उत्तर देते आहे, म्हणजे मराठी तिच्यात जिवंत आहे. 'आधी मराठीत सांग, मग खाऊ देईन' अशी अडवणूक करू नका, कारण त्यामुळे भाषा शिक्षेसारखी होते. ज्याला जर्मन येत नाही असे माणूस तिच्यासमोर आणा. रविवारी सकाळी आजोबांशी व्हिडिओवर पत्त्यांचा डाव मांडून द्या आणि तुम्ही तेथून उठा. मध्ये दुभाषा उरला नाही की ती शब्द शोधू लागेल. बाराखडीची घाई नको, जर्मन वाचन पक्के झाल्यावर ती हाती घ्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तोवर त्यांतल्या गोष्टी तुम्ही वाचून दाखवा.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून मुलीकडे तीन महिन्यांसाठी हानोफरला जाणार आहोत. दिवसभर घरात कोंडून पडू, अशी भीती वाटते.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामायिक अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यामुळे ते दिवस मे ते सप्टेंबरमधले निवडा, त्यातही जून-जुलैत रात्री नऊनंतरही उजेड असतो. पहिल्याच आठवड्यात मुलीला सोबत घेऊन ट्रामचा एक मार्ग, एक बाग आणि एक किराणा दुकान पक्के करून घ्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून तेथे दोघेच जात जा. घराचा पत्ता आणि मुलीचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारी आणा. मुलीचे स्वयंपाकघर संपूर्ण ताब्यात घेण्याचा मोह मात्र आवरा. तिची आणि जावयांची रोजची घडी बसलेली असेल, तेव्हा आठवड्यातले कोणते दिवस तुम्ही रांधायचे हे तिलाच विचारून ठरवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, परंतु जुन्या दुखण्यांचा खर्च त्यात बहुधा धरलेला नसतो. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या न्या आणि औषधाच्या मूळ घटकाचे नाव लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा.