वाचक विचारतात : कवटीची मापं आणि मध्य आफ्रिकेतले ‘शारीरिक प्रकार’

प्रश्न : जुन्या मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत मध्य आफ्रिकेतले लोक ‘दीर्घशीर्षी’ (लांबट डोक्याचे), ‘पृथुशीर्षी’ (रुंद डोक्याचे) अशा गटांत वाटलेले दिसतात. हे ठरवत कसं?

उत्तर : मुख्यतः शीर्ष निर्देशांकावरून. ही कल्पना १८४०च्या दशकात स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ आंदेर्स रेत्सियस यांनी रूढ केली. भुवयांमधल्या उंचवट्यापासून मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंतची लांबी वाकड्या पायांच्या कॅलिपरनं घ्यायची. मग कानांच्या वर, जिथे सापडेल तिथली कमाल रुंदी. रुंदीला लांबीनं भागून १००नं गुणलं की निर्देशांक मिळतो. कवटीसाठी ७५च्या खाली दीर्घशीर्षी, ८०च्या वर पृथुशीर्षी, मधले मध्यमशीर्षी.

आता १९० मिमी लांब, १४२ मिमी रुंद कवटी घ्या. निर्देशांक ७४.७, म्हणजे दीर्घशीर्षी. कॅलिपरचं टोक मागे जरा घसरलं आणि लांबी १८८ भरली, तर ७५.५. दोन मिलिमीटरांत ‘प्रकार’ बदलला! ईशान्य काँगोतल्या मांगबेतूंमध्ये तर तान्ह्या बाळांची डोकी पट्ट्यांनी घट्ट बांधून लांबट करत. तिथला निर्देशांक आनुवंशिकता सांगत नाही, बांधणी सांगतो.

त्वचेचा रंग मानववंशशास्त्रज्ञ फॉन लुशान यांच्या ३६ काचेच्या तुकड्यांशी ताडून पाहत. उजेड बदलला, मोजणारा बदलला की क्रमांकही बदलायचा.

प्रश्न : पण रवांडा-बुरुंडीतल्या दोन मुख्य समाजांपैकी तुत्सी उंच, हुतू त्यांच्याहून ठेंगणे, हे तर खरं ना?

उत्तर : सरासरीपुरतं खरं. बेल्जियन मानवशास्त्रज्ञ जां हिएर्नो यांच्या १९५०च्या दशकातल्या मोजणीत पुरुषांची सरासरी उंची तुत्सींमध्ये सुमारे १७६ सेंमी, हुतूंमध्ये सुमारे १६७ सेंमी होती. पण सरासरीशेजारचा प्रमाण विचलनाचा (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचा) रकाना वगळून वाचलं की फसगत होते. विचलन ६ सेंमी धरा आणि दोन्ही सरासऱ्यांच्या मधोमध, १७१.५ सेंमीवर रेघ मारा : प्रत्येक गटातले पाचांतल्या एकाहून जास्त पुरुष ‘चुकीच्या’ बाजूला पडतात. नुसत्या उंचीवरून माणूस ओळखायला निघणाऱ्याची काय गत होणार?

दुसरी खोट नमुन्यातच असे. ‘नमुनेदार’ चेहरे निवडून त्यांचीच मापं आणि छायाचित्रं घेतली, की निष्कर्ष आधीच ठरलेला. दरबारी तुत्सी सहज भेटत, डोंगरउतारावरचा गरीब तुत्सी कोण शोधणार? १९०७-०८च्या जर्मन मोहिमेतले यान चेकानोव्स्की यांनी हजारो माणसं मोजली. एवढा मोठा नमुना त्या काळी दुर्मीळच. मात्र त्याच मोहिमेत आजच्या रवांडातून शेकडो कवट्या बर्लिनला गेल्या. संख्या वाढली म्हणून काम निर्दोष ठरत नाही.

उंच, सडपातळ बांधा उत्तरेकडून आलेल्या ‘हॅमिटिक’ (बायबलमधल्या हॅमचे वंशज मानलेल्या) विजेत्यांचा, असं ब्रिटिश प्रवासी स्पेक यांनी १८६३ साली मांडलं. ते अनुमान होतं, पुरावा नव्हता. हिएर्नो यांनी पुढे हाच बांधा उष्ण, कोरड्या हवामानाशी जुळवून घेतलेला आफ्रिकी बांधा म्हणून समजावला. त्यासाठी बाहेरचे पूर्वज लागत नाहीत.

प्रश्न : रवांडात तुत्सी-हुतू अशी नोंद असलेली ओळखपत्रं देताना बेल्जियन राज्यकर्त्यांनी प्रत्येकाचं नाक मोजलं होतं का?

उत्तर : नाही, ही दंतकथा आहे. १९३०च्या दशकातल्या नोंदी बहुतांशी लोकांनी स्वतः आणि स्थानिक प्रमुखांनी सांगितलेल्या माहितीवरून झाल्या. कॅलिपरनं त्या विभागणीला शास्त्राचा शिक्का दिला. पुढे नोंद वडिलांकडून मुलाकडे जात राहिली, आणि १९९४च्या तुत्सींच्या नरसंहारात नाक्यांवर तीच ओळखपत्रं तपासली गेली.