बिल्टीवरची पेनाने लिहिलेली ओळ

प्रश्न : सोलापुरात आमचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे. दिल्लीला प्रगती मैदानावरच्या नोव्हेंबरच्या व्यापार मेळ्यासाठी ६ तारखेला ११ बॉक्स ट्रान्सपोर्टने पाठवले. भाडं १८,००० रुपये, मालाची किंमत २,४०,०००. मेळा १४ ला सुरू झाला, माल पोचला २० ला, त्यात दोन बॉक्स भिजलेले. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलंय, काही मिळणार नाही. ऑर्डरी बुडाल्या त्याचे सात लाख मागता येतील का?

उत्तर : ताई, त्या छापील शिक्क्याला घाबरू नका. ‘ओनर्स रिस्क’ लिहिलं म्हणून वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. शिवाय कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम १२ नुसार माल खराब झाला तर त्याचा हलगर्जीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो. आपली चूक नव्हती हे त्याने दाखवायचं.

पण सात लाख विसरा. जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचं वाढीव भाडं) भरला नसेल, तर नियमानुसार भरपाईची कमाल मर्यादा भाड्याच्या दहापट, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. म्हणजे तुमच्या बाबतीत १,८०,०००. उशिराचा हिशेब आणखी वेगळा. फॉरवर्डिंग नोटमध्ये (माल सोपवताना पाठवणाऱ्याने भरून द्यायचा कागद) उशिराची काही मुदत ठरलेली असेल, तर तेवढ्या उशिरासाठी जास्तीत जास्त भाड्याइतकीच रक्कम मिळते. ती मुदत उलटली की दहापटीची मर्यादा लागू होते. तुमच्याकडे बिल्टीच आहे. फॉरवर्डिंग नोटची प्रत आजच शोधा.

तुम्ही पाठवलेल्या बिल्टीच्या फोटोत मला सगळ्यात आवडली ती शेऱ्याच्या रकान्यात कारकुनाने पेनाने लिहिलेली ओळ : ‘ट्रेड फेअर, १२ पूर्वी पोच’. बुडालेल्या धंद्याची भरपाई मागायची, तर वेळेचं महत्त्व समोरच्याला करारावेळीच माहीत होतं हे दाखवावं लागतं. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७३ तेच सांगतं. इंग्लंडमध्ये १८७६ साली हुबेहूब असा खटला झाला होता. गुरांच्या खाद्याचे नमुने न्यूकॅसलच्या कृषी प्रदर्शनात सोमवारी पोचलेच पाहिजेत असं रेल्वेला लिहून दिलं होतं, ते पोचले प्रदर्शन आटोपल्यावर. कोर्टाने नफ्याची भरपाई दिली, पण किती? वीस पौंड. ‘मोठी ऑर्डर मिळाली असती’ याला कोर्टात फार वजन नसतं. त्यापेक्षा भिजलेल्या चादरी, सहा रिकाम्या दिवसांचं स्टॉलभाडं, माणसांचा जाण्याराहण्याचा खर्च असे पावत्यांचे आकडे मांडा. पहिले दिवस घाऊक खरेदीदारांचे असतात, हेही जरूर लिहा.

एक गोष्ट मात्र खटकली. पोचपावतीवर तुमच्या भाच्याने ‘दोन बॉक्स ओले’ असा शेरा न मारता नुसती सही ठोकली. आता भिस्त बॉक्स उघडतानाच्या मोबाइल फोटोंवर. ते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतं. मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावरची किंमतही पुरावाच.

आणि घाई करा. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्टच्या कलम १६ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस वाहतूकदाराला पोचली नाही, तर दावाच दाखल करता येत नाही. दाव्याला तीन वर्षं आहेत म्हणून निवांत बसलेले कितीतरी लोक इथेच फसतात. मोजणी माल पोचल्यापासून नाही, ६ नोव्हेंबरपासून. म्हणजे मेचा पहिला आठवडा हा शेवट. नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, त्यांच्या सोलापूरच्या आणि मुख्य अशा दोन्ही ऑफिसांना पाठवा.

ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) रस्ता तुम्हाला अवघड, कारण व्यवहार व्यावसायिक आहे. मागणी तीन लाखांच्या आतच राहत असल्याने कमर्शियल कोर्टाआधीची सक्तीची मध्यस्थीही लागत नाही. सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावता येईल. फक्त बिल्टीच्या तळाशी बारीक अक्षरात दुसऱ्या शहराच्या कोर्टाचं नाव छापलंय का ते भिंगाने पाहा. फोटोत ती ओळ घडीत गेलीय, मला वाचता आली नाही.