वेगवेगळे शार्क एकाच जागी का जमतात? नवीन असाल तर इथून सुरुवात करा

पहिली गोष्ट म्हणजे "ते मित्र आहेत" किंवा "टोळी करून शिकार करतात" हे डोक्यातून काढा, सगळे नवखे इथेच फसतात (मीही फसलो होतो). बहुतेक शार्कचं अंग आजूबाजूच्या पाण्याइतकंच गरम असतं, त्यामुळे बाकी समुद्र गार पडला की उबदार पट्टा प्रत्येकाला आपापल्या कारणाने हवा असतो आणि मग गर्दी होते, बास.

उदाहरण एकच लक्षात ठेवा, इस्रायलमधलं हदेरा. तिथल्या पॉवर प्लांटमधून गरम पाणी समुद्रात सुटतं आणि हिवाळ्यात डस्की आणि सँडबार दोन्ही जातीचे शार्क तिथे येतात. गंमत म्हणजे डस्कीत बहुतेक माद्या आणि सँडबारमध्ये बहुतेक नर! म्हणजे जागा एक असली तरी कारण एकच असेल असं धरून चालू नका.

सुरुवातीला एवढंच करा:
- प्रत्येक वेळी पाण्याचं तापमान आणि महिना लिहून ठेवा, फोटो नंतर.
- रंगावरून जात ठरवू नका, पाठीवरचा पहिला पर बघा. सँडबारचा चांगलाच उंच, त्रिकोणी असतो.
- भक्ष्य आहे का बघा, नुसत्या उबेवर सगळं ढकलू नका.
- किनाऱ्यावरून किंवा ड्रोनने बघा. खायला टाकणं, हात लावणं अजिबात नाही, 2025 च्या एप्रिलमध्ये हदेरालाच एका माणसाचा जीव गेलाय.

टॅगिंग (शार्कच्या अंगाला माग काढायची खूण किंवा यंत्र लावणं) वगैरे सध्या राहू द्या, आधी एक हिवाळा नोंदी करून बघा.