वाचक विचारतात : रुबीच्या कॉमेंटमधून मॅन पेज

प्रश्न : एका जुन्या रुबी स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या कॉमेंटमध्येच वापराची सगळी माहिती आहे. पूर्वी ‘आरडॉक/यूसेज’ (रुबीची एक लायब्ररी) तीच मदत म्हणून दाखवायचे. नव्या रुबीत स्क्रिप्ट ते लोड करणाऱ्या ओळीवरच अडते. या कॉमेंटमधून मॅन पेज (टर्मिनलवर ‘मॅन’ आज्ञेने उघडणारे मदतीचे पान) करता येईल का?

उत्तर : येईल. ‘आरडॉक/यूसेज’ रुबी १.९ मध्येच काढून टाकले गेले, म्हणून त्याची ‘रिक्वायर’ ओळ आधी पुसा. आरडॉक (रुबीच्या कॉमेंटमधून माहितीची पाने बनवणारे साधन) एचटीएमएल आणि ‘आरआय’ची (टर्मिनलवरील रुबीच्या मदतीची) पाने देते, मॅन पेज देत नाही. त्यासाठी पँडॉक हे मजकुराचे फॉरमॅट बदलणारे साधन घ्या.

मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मथळे वगैरे दाखवण्याच्या पद्धतीत), ‘=बिगिन’ आणि ‘=एंड’ यांच्या मध्ये लिहा. कॉमेंटची सुरुवात आणि शेवट दाखवणारे हे दोन्ही शब्द ओळीच्या अगदी सुरुवातीला हवेत. आधी एक स्पेस जरी पडली तरी सिंटॅक्स एरर येते. हॅशने (#) सुरू होणाऱ्या कॉमेंटच्या ओळी टाळाच. मार्कडाउनचे मथळेही हॅशनेच सुरू होतात, शिवाय शीबँग (स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) आणि ‘फ्रोझन स्ट्रिंग लिटरल’ची ओळ (रुबीला दिलेली सूचना) पानात घुसते.

मधला भाग ‘सेड’ या मजकूर गाळणाऱ्या आज्ञेने काढा, ‘=बिगिन’ व ‘=एंड’च्या ओळी वगळा आणि उरलेले पाइपने पँडॉकला द्या : इनपुट मार्कडाउन, आउटपुट ‘मॅन’, सोबत ‘-एस’. हा ‘-एस’ विसरला तर ‘.टीएच’ची (शीर्षकाची) ओळ येत नाही आणि पान शीर्षकाविना राहते. मजकुराची पहिली ओळ टक्क्याच्या चिन्हाने सुरू करा. पुढे आज्ञेचे नाव आणि त्याला चिकटून कंसात १, म्हणजे सामान्य आज्ञांच्या विभागाचा क्रमांक. फाइलच्या स्वरूपाचे पान असेल तर ५, प्रशासकाच्या आज्ञेचे असेल तर ८.

सर्वांत जास्त चुका ‘नेम’ या मथळ्याखाली होतात. तिथे एकच ओळ हवी : नाव, स्पेस, हायफन, स्पेस, थोडक्यात काम. ही रचना मोडली की पान उघडते, पण ‘व्हॉटइज’ आणि ‘अप्रोपोज’ या पाने शोधणाऱ्या आज्ञांना सापडत नाही.

प्रश्न : पानात ‘--फोर्स’ या पर्यायाच्या दोन हायफनांची एकच लांब रेघ होते. का?

उत्तर : पँडॉकच्या मार्कडाउनमध्ये ‘स्मार्ट’ (विरामचिन्हे छपाईसारखी करणारी सोय) आपोआप चालू असते; ते दोन हायफनांचा डॅश करते. पानावरून कॉपी केलेला पर्याय मग चालत नाही. प्रत्येक पर्याय बॅकटिकमध्ये (`) लिहा, किंवा इनपुटचे नाव ‘मार्कडाउन-स्मार्ट’ द्या. तयार फाइल बसवण्याआधी ‘मॅन’ला तिचा मार्ग ‘./’ लावून द्या आणि पान डोळ्यांखालून घाला. मेकफाइलमध्ये (‘मेक’ आज्ञेच्या नियमांच्या फाइलमध्ये) हे पान स्क्रिप्टवर अवलंबून ठेवा, म्हणजे कॉमेंट बदलली की पुढच्या ‘मेक’ला पानही बदलेल.