तुमचा कान बरोबर आहे आणि मुलगाही बेसूर नाही

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. सहामाहीत मार्क चांगले होते, जानेवारीच्या सराव परीक्षेत मात्र फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही घसरले. मावसभावाने अमेरिकेहून येताना त्याची जुनी व्हेरिअ‍ॅक्स इलेक्ट्रिक गिटार याला दिली, तेव्हापासून हा दार लावून, हेडफोन घालून बसायचा, नाहीतर रात्री कॉम्प्युटरवर त्याच गिटारचं काहीतरी खुडबुड करायचा. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, मला सूर कळतो, दाराबाहेर जे ऐकू यायचं ते चक्क बेसूर असायचं. यातून अकूस्टिकचाही, म्हणजे साध्या पोकळ लाकडी गिटारचाही आवाज येतो म्हणाला होता, आता खरी अकूस्टिक हवी म्हणतो. दिवाळीनंतर गिटार कपाटात कुलूप लावून ठेवली आहे, सीईटीला ९७ पर्सेंटाइल आणले तरच मिळेल. त्याला इंजिनिअरिंगकडे कसं वळवू? – एक वडील, सांगली
(पत्राखाली वेगळ्या अक्षरात : तो हल्ली आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. – आई)

उत्तर :

नमस्कार. वहिनींनी खाली जी ओळ लिहिली आहे तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. बारावीतलं पोर ताट घेऊन खोलीत जातं आणि घरातले त्यावर काही बोलत नाहीत, हे फिजिक्सच्या मार्कांपेक्षा कितीतरी गंभीर आहे. आणि तारखा जरा परत बघा ना, तुम्हीच लिहिल्यात. गिटार हातात होती तेव्हा सहामाहीचे मार्क चांगले होते, गिटार कपाटात गेली दिवाळीनंतर, आणि मार्क पडले जानेवारीत. म्हणजे घसरले तेव्हा गिटार त्याच्याकडे नव्हतीच! मग गिटारमुळे अभ्यास बुडाला हे आपण कशावरून म्हणतोय? मला तर उलटं दिसतंय, की दिवसभर कॉलेज-क्लास करून आल्यावर ज्या एका गोष्टीने त्याचं डोकं मोकळं व्हायचं ती तुम्ही काढून घेतली आणि त्याने त्याबरोबर तुमच्याशी बोलणंही बंद केलं.

आणि ती ९७ ची अट. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. इतर मुलांच्या मानाने तो कुठे उभा आहे हे त्यातून कळतं, म्हणजे याने जीव तोडून पेपर चांगला लिहिला आणि बाकीच्यांनीही चांगला लिहिला तर आकडा हलणारच नाही. जी गोष्ट निम्मीच त्याच्या हातात आहे तिच्यावर तुम्ही त्याची आवडती वस्तू लावून ठेवलीत, आणि तीही भावाने दिलेली, तुम्ही घेतलेली नाही. स्पष्ट बोलते, राग मानू नका, हे चूक आहे आणि ते याच आठवड्यात थांबवा.

आता त्या बेसूरपणाबद्दल, कारण मला वाटतं घरातलं निम्मं भांडण इथून सुरू झालंय. व्हेरिअ‍ॅक्समध्ये ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली वेगळा पिकअप (तारेचा कंप पकडणारा भाग) असतो, सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल आतल्या प्रोसेसरकडे जातात आणि तो प्रत्येक तारेचा स्वर हवा तेवढा खाली-वर करून बाहेर देतो. तारा जिथल्या तिथेच, खुंटीला हात लावायचा नाही, नुसतं बटण फिरवलं की ट्युनिंग बदलतं. समजा तो डी-ए-डी-जी-ए-डी या ट्युनिंगमध्ये वाजवतोय, गिटारवाले त्याला डॅडगॅड म्हणतात, तर नेहमीच्या ट्युनिंगपेक्षा पहिली, दुसरी आणि सहावी अशा तीन तारा पूर्ण एक स्वर उतरतात, पण त्या उतरतात फक्त हेडफोनमध्ये. लाकडावरच्या खऱ्या तारा अजून नेहमीच्याच स्वरात वाजत असतात. बोटं डॅडगॅडची, तारा स्टँडर्डच्या, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या तुम्हाला फक्त त्या खऱ्या तारांची टणटण ऐकू येते. ती बेसूर लागणारच, तुमचा कान अगदी बरोबर सांगत होता! पण तो जे वाजवत होता ते तुम्ही आजवर एकदाही ऐकलेलं नाही, आणि न ऐकताच पोराला बेसूर म्हणून मोकळे झालात. पेटीवाल्या बापाने बेसूर म्हणणं पोराला किती लागतं हे तुम्हाला मी सांगायला हवं का.

ट्युनिंग बदलणं म्हणजे काही नवीन खूळ नाही. तंबोऱ्याची पहिली तार एरवी पंचमात असते आणि मालकंसाला मध्यमात घेतात, ते तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, इथेही रागाऐवजी गाणं बदललं की तारा बदलतात एवढंच. जोनी मिचेल म्हणून कॅनडाच्या मोठ्या गायिका आहेत, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा हात अशक्त राहिला, म्हणून त्यांनी तारा वेगवेगळ्या स्वरांत लावून सोप्या बोटांनी वाजवायची स्वतःची पद्धत बसवली आणि अशी ट्युनिंग्ज पन्नासच्या वर गेली. कार्यक्रमात दर गाण्याला तारा लावत बसणं फार त्रासाचं व्हायला लागलं तेव्हा १९९५ च्या सुमारास त्या रोलँडच्या व्हीजी-८ या मॉडेलिंग यंत्राकडे, म्हणजे तारांचा सिग्नल घेऊन ट्युनिंग आणि आवाज बदलून देणाऱ्या यंत्राकडे वळल्या. मशीन आलं म्हणून त्यांचं वाजवणं कमी दर्जाचं झालं असं कुणी म्हणत नाही.

खरी अकूस्टिक का मागतो, तर त्यातही लबाडी नाही हो. मॉडेलिंगमधला अकूस्टिक आवाज स्टेजवर आणि रेकॉर्डिंगमध्ये छान चालून जातो, फीडबॅकची, म्हणजे स्पीकरमधून शिट्टी येण्याची कटकट नाही, पण हातात गिटार इलेक्ट्रिकच राहते. तारा पातळ, पोकळ लाकूड छातीला लागून थरथरत नाही, उजव्या हाताला जे वजन आणि जो ताबा लागतो तो त्यावर तयार होत नाही. पुढे कुणासोबत बसून वाजवायचं असेल तर हा हात लागतोच. त्याला हा फरक जाणवला म्हणजे तो ऐकून वाजवतोय, हे मला फार चांगलं लक्षण वाटतं. साधी, बेताच्या किमतीची अकूस्टिक पुरे, मशीनमध्ये मात्र यापुढे पैसे घालू नका.

इंजिनिअरिंगकडे वळवायचं कसं, हे विचारलंत. वळवू नका. रात्री कॉम्प्युटरवर जे करायचा म्हणता ते बहुतेक वर्कबेंच, म्हणजे याच गिटारचं सॉफ्टवेअर असणार, त्यात हव्या त्या ट्युनिंग्ज बनवता येतात आणि गिटारची बॉडी, पिकअप बदलून आवाज कसा होतो ते बघता येतं. हे आवडीने तासन्‌तास करणाऱ्या मुलाला सिग्नल प्रोसेसिंग हा विषय आवडण्याची शक्यता भरपूर आहे, पण हे त्याचं त्याला कळू द्या, उद्या सकाळी ‘ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) घे, त्यात तुझी गिटारच आहे’ असं सांगून ही आवडसुद्धा अभ्यासाची अट करून टाकू नका. सीईटी तो देतोच आहे. पदवीनंतर पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला साउंडचा कोर्स आहे, वाजवण्यातच पुढे जायचं असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा कॉलेज करता करता होतात. नुसत्या स्टेजवर घर चालवणं अवघड असतं, बरेच जण शिकवण्या करून निभावतात, हेही मी त्याला तोंडावर सांगेन. पण ते त्याच्याशी बोलून, त्याच्या पाठीमागे तुमच्याशी नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.

तुम्ही आत्ता काय करायचं, तर गिटार कपाटातून काढून त्याच्या हातात द्या आणि ‘मला कळलं नव्हतं’ एवढं म्हणा, त्याच्यापुढे ‘पण’ लावू नका. मग एखाद्या संध्याकाळी, त्याची तयारी असेल तर, हेडफोन काढून स्पीकरला जोडायला सांगा, आवाज जरा मोठा ठेवा नाहीतर खऱ्या तारा मधे मधे ऐकू येतील, आणि बसून ऐका. पहिल्यांदा तो नाही म्हणेल, तेव्हा आग्रह करू नका. वहिनी, तुम्ही त्याच्या झोपेकडे आणि जेवणाकडे लक्ष ठेवा. आठ-पंधरा दिवसांत काहीच फरक पडला नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही तो एकदा जरी बोलला, तर परीक्षा संपायची वाट बघू नका, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं, फोन तुम्हीही करू शकता.